गावाबाहेरचा रस्ता

चिखलीच्या मोटार कारखान्यातून नव्याकोऱ्या गाड्या भरलेला ट्रेलर फाटकाबाहेर येतो, तेव्हा त्याच्या चालकापुढचं पहिलं काम असतं ते गाव चुकवण्याचं. खाली एक रांग, वर एक रांग, बॉनेटांवर अजून पांढरं प्लॅस्टिक चिकटलेलं. वरच्या गाडीचं छत रस्त्यावर लोंबणाऱ्या केबलींना घासणार नाही ना, हे पाहायला क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर. स्पाइन रोडला लागल्यावर दोन वाटा असतात. एक त्रिवेणीनगरवरून निगडीकडे, म्हणजे दिल्ली-चेन्नई महामार्गाकडे. दुसरी मोशीकडे, पुणे-नाशिक रस्त्याला. चिखली या दोन्हींपैकी एकाही महामार्गावर नाही, पण तिथला कुठलाही धंदा या दोन रस्त्यांशिवाय चालत नाही.

वारकऱ्यांसाठी हे गाव टाळगाव चिखली. तुकोबांच्या टाळकऱ्यांशी आणि टाळांशी त्याचं नातं सांगितलं जातं आणि महापालिकेने उभारलेलं संतपीठही इथेच आहे. देहूहून आळंदीला जाणारा रस्ता तळवडे, चिखली, मोशी असा जातो. इंद्रायणीच्या काठाकाठाची ही वाट महामार्ग नावाची गोष्ट जन्माला येण्याआधीपासून वाहती आहे. १९९७ साली चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पाठोपाठ कुदळवाडीत भंगाराची गोदामं पसरली. शेजारच्या कारखान्यांतून निघणारा पत्रा, ड्रम, लाकडी खोकी, प्लॅस्टिक, सगळं इथे उतरायचं, निवडलं जायचं आणि ट्रक भरून पुन्हा बाहेर पडायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठी मोहीम काढून ही अनधिकृत पत्राशेड पाडली. त्यांच्या बऱ्यावाइटाचा हिशेब वेगळा मांडता येईल, पण भंगाराचा एवढा मोठा बाजार इथे का वसला याचं उत्तर नकाशात आहे. दोन महामार्गांच्या मधल्या बेचक्यात, दोन्हींपासून काही किलोमीटरवर, कारखान्यांना लागून असलेली आणि एकेकाळी स्वस्त असलेली जमीन आणखी कुठे मिळणार होती?

त्यातला मोठा महामार्ग आज कागदोपत्री ‘राष्ट्रीय महामार्ग ४८’ आहे. दिल्लीहून निघून तो गुरुग्राम, जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, वडोदरा, सुरत असा खाली उतरतो. तलासरीजवळ महाराष्ट्रात शिरतो. मग ठाणे, पनवेल, लोणावळा, पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर. पुढे निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकुरू, बंगळूर आणि शेवटी कृष्णगिरी, वेल्लोरवरून चेन्नई. लांबी सुमारे २,८०० किलोमीटर. श्रीनगर ते कन्याकुमारी हा नागपूरवरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग याहून लांब आहे आणि देशाचा उत्तर-दक्षिण कणा म्हणून नाव त्याचंच घेतलं जातं. पण दिल्ली, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई ही नावं एका दमात घेणारा रस्ता हा ४८ क्रमांकाचाच.

२०१० पर्यंत या नावाचा सलग रस्ताच नव्हता. दिल्ली-मुंबई होता ‘आठ’ आणि ठाण्याहून पुणे, बंगळूरमार्गे चेन्नईला जाणारा होता ‘चार’. त्या वर्षी देशभरचे क्रमांक नव्याने लावले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे चढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. त्यामुळे आकडा पाहून रस्ता साधारण कुठे आणि कोणत्या दिशेने जातो हे सांगता येतं. कोकणातल्या ‘सतरा’चा ‘सहासष्ट’ झाला, पुणे-नाशिक ‘पन्नास’चा ‘साठ’. पद्धत शहाणपणाची आहे, पण देहूरोडच्या टपरीवर विचारलं तर उत्तर अजून ‘एनएच फोर’ असंच मिळतं.

या रस्त्याची गोष्ट खरी सुरू होते ती बोरघाटात. कोकणातून देशावर येणारी ही जुनी वाट. ओझ्याचे बैल आणि माणसं तिथून शतकानुशतकं चढत होती, पण चाकाची गाडी चढत नव्हती. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे हा खऱ्या अर्थाने एक रस्ता झाला. रेल्वेने हाच घाट सर केला तो १८६३ मध्ये. पुढचं शतकभर लांबचा माल रेल्वेने आणि जवळचा रस्त्याने, अशी वाटणी टिकून होती. १९४३ साली नागपुरात देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही प्रतवारी ठरली. १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्राकडे गेली.

त्याच सुमाराला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहत होती. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज आली, टेल्को आली. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने भोसरी-चिंचवडच्या माळावर भूखंड पाडले. कारखाने इथेच का आले, याची कारणं अनेक सांगितली जातात: मुंबईतली जागेची टंचाई, पवनेचं पाणी, पुण्यातलं शिक्षण. पण या सगळ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे लोहमार्ग आणि त्याला समांतर धावणारा मुंबई-पुणे रस्ता. निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी ही गावं या रस्त्यावर एकापाठोपाठ आहेत. त्यांचं मिळून जे शहर झालं, ते आधी लांबीने वाढलं आणि रुंदीने नंतर.

इथेच या रस्त्याचा स्वभाव दिसतो. महामार्ग आखला जातो तो लांबच्या वाहनांसाठी. त्याच्या कडेला स्वस्त जमीन असते म्हणून कारखाना येतो, कारखान्यासमोर चहाची टपरी, टपरीमागे चाळ, चाळीच्या जागी पुढे सोसायटी. मग समोरच्या शाळेत जाणाऱ्या पोरांना रस्ता ओलांडायचा असतो, म्हणून सिग्नल येतो. लांबच्या ट्रकला सिग्नल परवडत नाही. मग महामार्ग गावाबाहेर काढला जातो, आणि गाव त्याच्या मागे निघतं. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम अंगाला या एकाच रस्त्याच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी पाहायला मिळतात, तिसरी किवळ्याला येऊन मिळते, आणि चौथीची आखणी झालेली आहे.

पहिली पिढी म्हणजे निगडी-दापोडी रस्ता. आज त्याला महामार्ग म्हणवत नाही. महापालिकेने तो रुंद केला, मधून जलद वाहनांसाठी सलग मार्ग काढला, चौकाचौकांत वरून उड्डाणपूल आणि खालून भुयारी मार्ग दिले, बीआरटी आणली. मार्च २०२२ पासून पिंपरी ते फुगेवाडी या टप्प्यात डोक्यावरून मेट्रो धावू लागली. कासारवाडीला जिथून पुणे-नाशिक रस्ता फुटतो त्या नाशिक फाट्यावर जे. आर. डी. टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आहे. आणि वर्षातून एकदा, आषाढवारीत, देहूहून निघालेली तुकोबांची पालखी निगडीवरून आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा हा रस्ता पुन्हा पायी चालणाऱ्यांचा होतो. निगडीच्या चौकात शिवराय आणि तुकोबांचं ‘भक्ती-शक्ती’ शिल्प उभं आहे, आणि वाहतुकीच्या नकाशात हाच चौक म्हणजे चिखलीकडून येणाऱ्या मालाचं तोंड.

दुसरी पिढी म्हणजे देहूरोड-कात्रज बायपास. मुंबईहून साताऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकने पिंपरी आणि शिवाजीनगरात शिरू नये, म्हणून रावेत, पुनावळे, ताथवडे, वाकड, बालेवाडी, बावधन, वारजे अशा तेव्हाच्या शेतशिवारातून रस्ता काढला. वाजपेयी सरकारने हाती घेतलेल्या सुवर्ण चतुष्कोनात, म्हणजे दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या योजनेत, मुंबई-चेन्नई बाजू चौपदरी झाली आणि हा बायपासही त्या साखळीतला दुवा ठरला. तोवर हिंजवडीत आयटी पार्क सुरू झालं होतं. ज्या रस्त्याला गाव नको होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना पुण्यातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या वसाहती उभ्या राहिल्या. शेतकऱ्याची बैलगाडी आणि फार तर ट्रॅक्टर पलीकडे जावा एवढ्यासाठी ठेवलेल्या पुनावळे-ताथवड्याच्या भुयारी मार्गांतून आता शाळेच्या बस आणि आयटीवाल्यांच्या गाड्या जातात. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी तुंबतं आणि सेवा रस्त्यावर रांगा लागतात. भुयारी मार्गाची उंची-रुंदी ठरवणाऱ्या अभियंत्याचं गणित त्या दिवसापुरतं बरोबरच होतं.

याच बायपासवरच्या चांदणी चौकात हे गणित इतकं चुकलं की पूलच उडवावा लागला. मुळशीकडून कोथरूडला येणारा रस्ता महामार्गावरून नेणारा तिथला जुना पूल अरुंद होता आणि खालचा रस्ता वाढवायला त्याचे खांब आडवे येत होते. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमाराला, सहाशे किलो स्फोटकांनी तो पाडायचं ठरलं. काम दिलं होतं ते महिन्याभरापूर्वी नोएडाचे जुळे मनोरे जमीनदोस्त करणाऱ्या कंपनीला. महामार्ग बंद केला, बघ्यांना लांब अडवलं, वाहिन्यांचे कॅमेरे लागले. स्फोट झाला, धूळ बसली, आणि पुलाचा बराचसा सांगाडा जागेवरच होता. आतलं लोखंड अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. उरलेलं काम पोकलेननी पहाटेपर्यंत केलं. सरकारी बांधकामाबद्दल पुणेकर एरवी जे बोलतात, त्याला त्या रात्री एक अपवाद सापडला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथला नवा उड्डाणपूल आणि जोडरस्त्यांचं जाळं सुरू झालं.

त्याच बायपासच्या कात्रजकडच्या टोकाला प्रश्न अरुंदपणाचा नाही, उताराचा आहे. साताऱ्याकडून येणारं वाहन कात्रजचा नवा बोगदा ओलांडतं आणि नऱ्हे-नवले पुलापर्यंत सलग उतरत राहतं. भरलेला ट्रक खालच्या गियरमध्ये उतरला तर इंजिनच त्याचा वेग धरून ठेवतं, ब्रेकवर फार भार पडत नाही. पण डिझेल वाचवायला चालकाने गाडी न्यूट्रल केली, तर पंचवीस-तीस टनांचं ओझं एकट्या ब्रेकला पेलावं लागतं. काही किलोमीटरांत ब्रेकचे ड्रम इतके तापतात की पायडल दाबूनही पकड येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अशाच एका ट्रकने तिथे चाळीसहून अधिक वाहनांना चेचलं. त्यानंतर वेगमर्यादा आली, कॅमेरे आले, रस्त्यावर थरथराट करणारे पट्टे आले, आणि तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा मोठा अपघात होऊन माणसं दगावली. उतार तोच आहे. तो रस्त्याच्या आखणीत आहे, आणि आखणी पट्टे मारून बदलत नाही.

तिसरी पिढी म्हणजे द्रुतगती मार्ग. कळंबोली ते किवळे, साधारण ९५ किलोमीटर, सहापदरी, काँक्रीटचा, आणि दुचाकीला मज्जाव. त्यासाठी १९९६ साली राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं, आणि २००२ पर्यंत रस्ता पूर्ण झाला. त्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलं. हा देशातला पहिला सहापदरी प्रवेश-नियंत्रित मार्ग. ‘प्रवेश-नियंत्रित’ म्हणजे कुंपण: ठरलेल्या जागीच चढायचं, ठरलेल्या जागीच उतरायचं. टपरी नाही, चौक नाही, सिग्नल नाही; गावाने मागे लागायचं म्हटलं तरी शिरायला फट नाही. फक्त घाटात मात्र डोंगराने त्याचं ऐकलं नाही. आडोशीपासून वर काही किलोमीटर जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकच होतात आणि सुटीच्या दिवशी मुंबईकरांची अर्धी सहल तिथेच साजरी होते. याच पट्ट्यात ‘अमृतांजन’ नावाने ओळखला जाणारा ब्रिटिशकालीन पूल होता. डोकेदुखीच्या बामची जाहिरात त्यावर झळकायची म्हणून ते नाव पडलं, आणि पुढे तो वाहतुकीचीच डोकेदुखी झाला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने रस्ता रिकामा मिळाला ती संधी साधून तो पाडला. घाटाचा हा तुकडाच टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’ हाती घेतली गेली: दोन बोगदे, त्यातला एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा आणि लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा, शिवाय दरीवर केबलच्या आधाराचा पूल. एवढ्या खटाटोपातून वाचणारं अंतर सुमारे सहा किलोमीटर, पण खरी बचत आहे ती घाटात अडकून पडणाऱ्या वेळेची.

पुण्याच्या दक्षिणेला रस्ता मोकळा होतो असं वाटेपर्यंत खंबाटकी येते. पुण्याहून साताऱ्याला जाणारं वाहन घाट चढून जातं आणि साताऱ्याहून येणारं बोगद्यातून, अशी तिथली जुनी विभागणी. पुढे कराड, कोल्हापूर. कोल्हापूरच्या दारात पुलाची शिरोली आहे आणि पंचगंगेला महापूर आला की महामार्गच पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये जवळजवळ आठवडाभर तो बंद होता. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या मैलोन्‌मैल रांगा, कोल्हापुरात पेट्रोलची टंचाई, मुंबईत कोल्हापूरच्या दुधाची. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. चाकणच्या एखाद्या कारखान्याला बंगळूरहून यायचा सुटा भाग शिरोलीत अडकला, तर इंद्रायणीकाठी टिपूस पाऊस नसतानाही पंचगंगेचा पूर जाणवतो.

निपाणीत हाच महामार्ग माणसांनी अडवला होता. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून हजारो शेतकरी, बायाबापड्यांसह, पुणे-बंगळूर महामार्गावर तळ ठोकून बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ वाहतूक ठप्प होती. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मारले गेले. आंदोलनाचे नेते होते शरद जोशी, आणि त्यांची शेतकरी संघटना जन्मली होती चिखलीपासून फार लांब नसलेल्या चाकणमध्ये. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून जोशी चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. १९८० च्या जानेवारीत त्यांनी वांद्रे या गावापासून चाकणपर्यंत ६४ किलोमीटरचा पायी मोर्चा काढला, तो कशासाठी, तर भामनेरच्या त्या खोऱ्यातून बाजारापर्यंत बारमाही रस्ता व्हावा म्हणून. त्याच वर्षी कांद्याच्या भावासाठी चाकणला पुणे-नाशिक रस्ता रोखला गेला आणि नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात मुंबई-आग्रा महामार्ग. ज्यांच्या गावाला धड रस्ता नव्हता, त्यांनी दुसऱ्यांचा रस्ता अडवून आपलं म्हणणं देशाच्या कानावर घातलं. आजही आंदोलनाची पहिली घोषणा ‘रास्ता रोको’ असते आणि तीही महामार्गाचीच. गल्ली अडवून कुणाचं काय अडणार?

कांद्याच्या त्या चाकणचं रूप पुढच्या तीस वर्षांत ओळखू येईनासं झालं. १९९९ च्या सुमाराला बजाजचा नवा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्र. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांची तर मोजदाद अवघड. त्यांचा माल न्हावाशेवा बंदराकडे किंवा उत्तरेकडे न्यायचा, तर चाकणहून तळेगावला जाऊन जुना महामार्ग वा द्रुतगती मार्ग गाठायचा. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी असं भारदस्त नाव आहे. भारदस्तपणा तेवढाच, बराचसा रस्ता वर्षानुवर्षं दुपदरी राहिला आणि चाकणच्या तळेगाव चौकात तो पुणे-नाशिकला छेदतो तिथे पाळी सुटण्याच्या वेळी कंटेनर, कंपनीच्या बस, कांद्याचे टेम्पो आणि भंडारदऱ्याला निघालेले पर्यटक एकाच सिग्नलकडे बघत उभे असतात. पुणे-नाशिक रस्त्यानेही गावं टाळून पाहिली. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव यांना बायपास झाले. चाकणला आणि मोशीला मात्र टाळायला जागाच उरली नव्हती, म्हणून आता उपाय वर शोधला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने नाशिक फाटा ते खेड (राजगुरुनगर) असा ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खर्चाचा अंदाज ७,८२७ कोटी रुपये. खालचा रस्ता गावाला, वरचा लांबच्या प्रवाशाला.

चौथ्या पिढीचं नाव वर्तुळाकार मार्ग, लोकांच्या तोंडी ‘रिंगरोड’. राज्य रस्ते विकास महामंडळाच्या आखणीत त्याचा पश्चिम भाग द्रुतगती मार्गावरच्या उर्से गावाजवळून निघतो आणि मावळ, मुळशी, हवेली, भोर असा वळसा घेऊन सातारा रस्त्याला मिळतो. म्हणजे वाकड-वारज्याच्या ज्या बायपासने निगडी-दापोडीची सुटका केली, त्याची सुटका करणारा हा बायपास. जमिनीचे भाव चढायला असा रस्ता पूर्ण व्हावा लागत नाही, आखणी जाहीर झाली तरी पुरतं. पण हाही मार्ग प्रवेश-नियंत्रित असल्याने भूसंपादनाची नोटीस आल्यावर शेतकरी मोबदल्याच्या दराइतकाच आणखी एक प्रश्न विचारतो: चढायला-उतरायला जागा कुठे? तिथे ज्याची जमीन असते त्याच्या बांधावर पेट्रोलपंप, गोदाम, हॉटेल येऊ शकतं. चार किलोमीटर अलीकडच्याला मात्र शेताचे दोन तुकडे, मध्ये कुंपण, आणि पलीकडच्या तुकड्यात पाणी द्यायला जाण्यासाठी एक भुयारी मार्ग, ट्रॅक्टर जाईल एवढ्या उंचीचा.